माया (नाव नव्हे)

आमच्या काकांना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ते ताठ बसून सांगत, "मी छापत नाही."

समोरचा बिचारा गोंधळायचा. छापता का, असं त्याने विचारलेलंच नसायचं. पण काकांचा अर्धा जन्म एवढं एकच समजावण्यात गेला. बाहेर पाटी, आत कॉम्प्युटर, टेबलावर लग्नपत्रिकांचे नमुने मांडलेले; मग माणूस आत येऊन "काका, पत्रिका छापायच्या आहेत" असं म्हणणारच की! त्यावर काका चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "छापतात ते कोल्हापूरला. मी छापायला लायक करतो."

'लायक करतो' हे ते अशा काही सुरात म्हणायचे की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं गिऱ्हाइकाला वाटायचं. दोन-चार जण तर उठून निघून गेलेले मी स्वतः पाहिलेत.

मी त्यांच्याकडे कामाला लागले ती अठ्ठ्याण्णव साली. त्याआधी कोर्टाबाहेर मराठी टायपिंग करत होते. काका माझ्यापेक्षा चांगले वीस-बावीस वर्षांनी मोठे, पण मला कायम 'बाई' म्हणत, आणि रागावले की 'बाईसाहेब'. खालच्या आळीत त्यांचं घर. पुढची खोली म्हणजे ऑफिस, मधल्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन. काकू आळीतल्या बायकांची ब्लाउजं शिवायच्या. काका गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की आतली खडखड थांबायची, कारण मशीन चालू असताना काकूंना हाकेखेरीज इकडचं काही ऐकू येत नसे. आणि इकडचं ऐकून तिथूनच मोठ्याने शेरा मारणं हा त्यांचा विरंगुळा होता. मला पगार मिळायचा तो टायपिंगचा, पण ही करमणूक वरकमाई होती.

काका आधी वीस वर्षं मुंबईत एका प्रेसमध्ये होते. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. छापून आलेली अक्षरं ब्लेडने कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची, मग त्याचा फोटो काढून प्लेट बनवायची. काका त्या चिकटवण्यातले वाकबगार. पुढे सगळं पडद्यावर आलं, तेही शिकले, आणि एक कॉम्प्युटर घेऊन रत्नागिरीला परतले. पण शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं ब्लेड शेवटपर्यंत राहिलं. पडद्यावर काही कापायचं असलं तरी त्यांचा हात आधी खिशाकडे जायचा.

"एक दिवस छातीत घुसेल तेव्हा कळेल," काकू आतून म्हणायच्या.

"आडवं ठेवलंय," काका इकडून.

त्यांचं प्रूफ वाचणं बघण्यासारखं असे. ते मजकूर उलटा वाचत. म्हणजे शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या आधीचा, असं करत करत वर. "सरळ वाचलं की डोळा लबाडी करतो, बाई," ते सांगत. "त्याला अर्थ कळायला लागतो. अर्थ कळला की चूक दिसत नाही." हे खरं होतं. काकांच्या हातून वेलांटी कधी सुटली नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा की गावातल्या निम्म्या पत्रिका करूनही कुणाचं लग्न कुणाशी आहे याचा ह्या माणसाला पत्ता नसे. लग्नाच्या दिवशी काकू तयार होऊन उभ्या राहिल्या की हे विचारायचे, "कुणाचं गो लग्न?"

"अहो, पत्रिका तुम्हीच केलीत ना!"

"उलटी वाचली होती."

एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्यांची लेबलं यायची. बागायतदार मंडळी पडद्यावरचा पिवळा बघून खूश व्हायची आणि छापून आल्यावर भांडायला यायची, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने. काकांनी त्यावर तोड काढली होती. सीझनमध्ये कॉम्प्युटरशेजारी एक खराखुरा पिकलेला हापूस ठेवलेला असे. त्याच्याकडे बघत बघत त्यांनी पिवळ्यात किती गुलाबी, किती काळा मिसळायचा याचं एक प्रमाण बसवलं होतं. ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी जवळ गेले की पडद्यावर हात ठेवायचे! लेबल पसंत पडलं की गिऱ्हाइकासमोर तो आंबा चिरून खायचे. एकदा एका बागायतदाराने तोंडावर विचारलं, "काका, पण ह्यो आंबा कुणाच्या बागेतला?" काकांनी बाठा चोखत सांगितलं, "रंग बघायला आणलाय, गाव कशाला विचारता?"

फोटोंच्या बाबतीत तर ते अगदीच निर्दय. एक पोरगेलासा कार्यकर्ता कुठल्याशा दादांचा वाढदिवसाचा फोटो घेऊन आला. इंटरनेटवरून उतरवलेला, टपालाच्या तिकिटाएवढा, आणि छापायचा होता दरवाजाएवढा. काकांनी तो पडद्यावर मोठा केला. दादांच्या नाकाच्या जागी चार चौकोन आले.

"हे काय?" तो पोरगा दचकलाच.

"हे दादा," काका म्हणाले. "लांबून बरे दिसतात. जवळून असेच."

पोरगा हसावं की चिडावं या विचारात तसाच उभा. शेवटी काकूंनी आतून सांगितलं, "अरे, स्टुडिओतला फोटो आण रे बाबा, ह्यांचं बोलणं मनावर घेऊ नको."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मराठी अक्षरांचे जे फॉन्ट होते ते कोल्हापूरच्या कॉम्प्युटरवर नव्हते. पहिली पत्रिका आम्ही पाठवली ती तिकडे उघडली तेव्हा 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या खुणा निघाल्या. तिथल्या छपाईच्या मशीनवाल्याचा फोन आला, "काय ओ काका, ही कुठली म्हणायची भाषा?" तेव्हापासून काका फाइल पाठवण्याआधी अक्षरांची चित्रं करायला लागले. कॉम्प्युटरला एक हुकूम दिला की प्रत्येक अक्षर म्हणजे नुसती वळणदार रेघ होते. मग ते कुठेही तसंच दिसतं. पण त्यानंतर एक मात्राही बदलता येत नाही. याला काका 'वळवणं' म्हणत, आणि वळवण्याचा त्यांनी सोहळाच करून टाकला होता. गिऱ्हाइकाला उभं करून विचारायचे, काही राहिलंय? कुणी मामा, कुणी आत्या? नक्की? मग आत हाक मारायची, "ऐकलंस का गो, वळवतोय."

आतून, मशीन न थांबवता, "वळवा."

मगच बटण दाबलं जायचं. काकूंनी वळवा म्हटल्याशिवाय रत्नागिरीतून एकही फाइल बाहेर गेली नाही, हे मी शपथेवर सांगते. आणि वळवल्यावर कुणी धापा टाकत आलं, की काका, धाकट्या काकाचं नाव राहिलं ओ, तर काका हात जोडायचे. "आता ती अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. चित्राला काना देता येत नाही." सीडी पुठ्ठ्यात बांधून सकाळच्या कोल्हापूर एसटीच्या ड्रायव्हरकडे गेलेली असायची.

तर मथळ्यातल्या त्या शब्दाची गोष्ट.

मांडवीच्या एक आजी नातीच्या पत्रिकेसाठी आल्या होत्या, सोबत पुतण्या. पत्रिका त्यांना कडेपर्यंत लालभडक हवी होती. काका म्हणाले, "मग चारी बाजूंनी ब्लीड द्यायला लागेल."

आजींनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याने इमानदारीत अर्थ सांगितला. "रक्त वाहणं, काकी."

आजी उभ्याच राहिल्या. "पोरीच्या लग्नात रक्त? आणि चारी बाजूंनी?"

"अहो आजी, सगळ्याच पत्रिकांना असतं," काका समजूत घालायला गेले. "ते नंतर कापून टाकतात."

"कापून टाकतात!" आजींनी छत्री उचलली.

मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावून टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. काका घामाघूम. तेवढ्यात आतली खडखड थांबली आणि काकू एक अर्धवट शिवलेलं ब्लाउज घेऊन बाहेर आल्या. ते उलटं करून त्यांनी आजींसमोर धरलं. शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडलेलं.

"ह्याला आपण काय म्हणतो, आजी?"

"माया," आजी म्हणाल्या. "माया ठेवलीन."

"तेच हे. कागद कापणाऱ्याचा हात केसभर इकडेतिकडे होतो. रंग जेमतेम कडेपर्यंतच असला तर मधेच पांढरी चीर दिसते. म्हणून रंग थोडा कडेबाहेर न्यायचा. तीन मिलीमीटर माया, बस्स."

आजी पुन्हा बसल्या. "मग असं मराठीत सांगा की मेल्यांनो! ठेवा, भरपूर ठेवा. एकुलती नात आहे माझी."

त्या गेल्यावर काकांनी ते ब्लाउज उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "शब्द चांगला आहे." आठवड्याभरात तो शब्द त्यांचा झाला. महिन्याभरात 'आपण या धंद्याचं मराठीकरण केलं' असं ते लोकांना सांगायला लागले. काकूंनी एकदाच टोकलं, "माया माझी हो. आणि माझी आत राहते, अंगाला घट्ट झालं की उसवून सोडता येते. तुमची आपली कापून जाते."

"कापून जाते म्हणून तर पत्रिका नीट दिसते," काका म्हणाले. वादात हार जाणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक फाइलमध्ये, कापायच्या खुणांच्या बाहेर, खालच्या बाजूला ते बारीक अक्षरात 'माया' असं टाइप करायचे. कापणाऱ्याला कळावं, की बाबा, इथे जादा रंग आहे, बिनधास्त काप. आणि या माणसाच्या ह्या एवढ्याशा शब्दाने एक लग्न मोडता मोडता राहिलं.

नवरा मुलगा पावस गावच्या बाजूचा, मुंबईत नोकरीला, पस्तिशीला आलेला. पत्रिका त्याच्या मोठ्या भावाने करून घेतली. खाली ती नेहमीची ओळ होती, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि पुढे घरातल्या पोरांची नावं, चिंटू, पिंकी, सोनू. फाइल गेली, छापून आली, ग्रामदेवतेपुढे एक ठेवून बाकीच्या वाटल्याही गेल्या. आणि चार दिवसांनी तो भाऊ पत्रिका हातात घेऊन आमच्याकडे आला. चेहरा पार उतरलेला.

"काका, ही माया कोण?"

काकांनी पत्रिका घेतली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचली. "माया, सोनू, पिंकी, चिंटू. शुद्ध आहे."

"शुद्ध आहे काय! आमच्यात माया नावाची पोर नाय कुणी! मुलीकडचे विचारतायत, मुलगा पस्तीस वर्षांचा, मुंबईत एकटा राहतो, ही माया कुणाची? लग्न थांबवा म्हणतायत ओ!"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. कोल्हापूरला फोन लावला. मशीनवर नवीन माणूस होता. तो अभिमानानेच सांगायला लागला, "पोरीचं नाव कापायच्या खुणंच्या भायेर गेलं हुतं की ओ. कापलं गेलं असतं बिचारीचं. म्हणून मी उचलून आत घेतलं. बरं केलं का न्हाई?"

काका रिसीव्हर हातात धरून खुर्चीत बसले. त्यांना एवढं खजील झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मुलीचे वडील अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत राहत. काका म्हणाले, मी स्वतः जाऊन सांगतो. काकूंनी मला सोबत धाडलं. "तू जा गो. नाहीतर हे तिथे शाईवर व्याख्यान देत बसतील." चिपळूणपर्यंत एसटीत काकांनी मांडीवर दुसऱ्या कुठल्यातरी कामाचा न कापलेला छापील कागद गुंडाळी करून धरलेला.

तिथे बैठकीच्या खोलीत मुलीचे वडील, मामा, आणखी दोघंतिघं. आई आत डोळे पुसत होती, हे दाराच्या फटीतून दिसत होतं. मुलगी तिच्यामागे उभी. पाणी आलं, चहा नाही आला. काकांनी कागद जमिनीवर पसरला, त्यावर फूटपट्टी ठेवली आणि खिशातून ब्लेड काढलं.

मामा ताडकन उभे राहिले.

"बसा ओ, बसा," मी म्हटलं. "कागदासाठी आहे ते."

काकांनी खुणा दाखवल्या, जादा रंग दाखवला, खाली टाइप केलेला 'माया' दाखवला. मग सर्रकन ब्लेड फिरवलं. कागदाची पट्टी सुटून मुलीच्या वडिलांच्या पायाशी पडली. "ही पडली माया," काका म्हणाले. "ही पडायलाच हवी असते. तुमच्या पत्रिकेत ती पडली नाही, आत शिरली. चूक माझी नाही, पण शब्द माझा आहे. मुलगा चांगला आहे. मी त्याला ओळखत नाही, पण पोरगी बिरगी काही नाही त्याला."

आणि मग दारामागून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग दाबता न येणारा. ती बाहेरच आली. "बाबा, पुरे झालं. मी चहा टाकते."

लग्न झालं, झकास झालं. आता तुम्हाला वाटेल की मी सांगणार, त्यांना पुढे मुलगी झाली आणि तिचं नाव माया ठेवलं. काही नाही. मुलगा झाला. नावसुद्धा मला आठवत नाही.

काकांनी मात्र शब्द सोडला नाही. कुणीही शहाणा माणूस दुसरा शब्द टाइप करायला लागला असता किंवा काहीच टाइप केलं नसतं. पण छे! काकांनी त्यापुढे कंसात भर घातली. त्यानंतर रत्नागिरीहून कोल्हापूरला गेलेल्या प्रत्येक फाइलमध्ये, कापायच्या खुणेबाहेर, बारीक अक्षरात असायचं, 'माया (नाव नव्हे)'.

काकांना एकच मुलगी. मी लागले तेव्हा ती शाळेत होती. संध्याकाळी दप्तर टाकून माझ्या बाजूला स्टुलावर येऊन बसायची आणि पडद्यावरचा मजकूर सरळ वाचायची. "बाबा, इथे नवऱ्यामुलीच्या आधी नुसतं चिरंजीव आणि नवऱ्याच्या आधी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी झालंय." काका खवळायचे, पण बदलायचे. ते उलटं आणि ती सरळ, असं दोघांनी वाचलेलं असलं की त्यात चूक सापडणं अशक्य. पुढे ती पुण्याला चित्रकलेचं शिकली, तिथेच एका जाहिरातीच्या कंपनीत लागली. दोन हजार सातच्या सुमारास तिचं लग्न ठरलं, बरोबर काम करणाऱ्या मुलाशीच. मुलगा गुणी. देणंघेणं, मानपान, काहीही नको म्हणाला. साधं लग्न, इथेच, रत्नागिरीत.

काका खूश होते. कपाटातून त्यांनी एक जाड कागदाचा नमुना काढून मला दाखवला. पोरगी कॉलेजात असतानाच तो बाजूला ठेवला होता म्हणे. पत्रिका हापूसच्या पिवळ्यात करायची, कडेपर्यंत. सगळं मनात ठरलेलं.

आणि फोनवर लेक सहज बोलून गेली, "बाबा, पत्रिकेचं बघू नका हं. मीच करतेय."

"बरं," काका म्हणाले.

या माणसाने आयुष्यात नुसतं 'बरं' कधी म्हटलं नव्हतं. मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं.

त्यानंतर काका शहाण्यासारखे वागायला लागले, आणि ते काही बरं लक्षण नव्हतं. एकाने इंटरनेटवरचा फोटो आणला, काकांनी तो निमूट घेतला. एक गिऱ्हाईक "शंभर छापून द्या" म्हणालं, हे म्हणाले, "देऊ." मशीनवाल्याने फोनवर चूक काढली, ती ऐकून घेतली. दुपारी जेवून उठले की खुर्चीत बसून खिशातलं ब्लेड काढायचे, बघायचे, परत ठेवायचे.

काकू एकदा माझ्याशी बोलल्या. मशीनवर हात ठेवून, अगदी हळू. "त्यांना फार लागलंय गो. तिला सांगत नाहीत, मलाही नाही. तो मुलगा काही घेणार नाही. मग बापाने पोरीला द्यायचं तरी काय? त्यांना येतं ते एवढंच. तेही तिने स्वतःच केलंन." बोलताना त्यांचे डोळे भरले. मी सुईत दोरा ओवून दिला.

मग एके दिवशी कुरियरने पुण्याहून सीडी आली. पाठोपाठ फोन. "बाबा, पत्रिका एकदा बघा. तुम्ही पास केल्याशिवाय छापायला देणार नाही."

"गिऱ्हाइकाची फाइल आहे," काका मला म्हणाले. "रांगेत ठेवा." आणि रांगेत दुसरी एकही फाइल नसताना ती सीडी दोन दिवस टेबलावर पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती उघडली. मी शेजारीच होते. त्यांची खुर्चीत बसण्याची तऱ्हा बघून मला कळलं, हा माणूस चुका शोधायला बसलाय. अहो, एखादी तरी सापडू दे म्हणून देवाला नवस बोलला असेल मनात! चूक सापडली की फाइल नापास, आणि नापास झाली की दुरुस्तीला यांच्याकडे.

पिवळा रंग तपासला. हापूसचा पिवळा, प्रमाण अगदी तेच. "रंग चोरलान माझा!" काका ओरडले, आणि ओरडताना चेहरा फुललेला. मजकूर वाचला, अर्थातच शेवटून. वेलांटी, उकार, नावं, मुहूर्त, सगळं बरोबर. त्यांचा चेहरा पडत चालला. अक्षरं वळवलेली नव्हती, पण ती तर शेवटीच वळवायची असतात. मग त्यांनी कड मोठी करून पाहिली आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"अगो! इकडे ये! तुझ्या लेकीने माया ठेवलीनच नाही! चारी बाजूंना नाही! एवढी पुण्याची शिकलेली, रंग बरोबर खुणेवर थांबवलान! कापणाऱ्याचा हात हलला की पांढरी चीर! नापास!"

काकू गळ्यात टेप तसाच टाकून धावत बाहेर आल्या. काका आनंदाने लाल झालेले. नापास असं टाइप करायला त्यांनी पडदा खाली सरकवला, खुणेच्या बाहेर, जिथे ते स्वतः नेहमी टाइप करतात तिथे. तिथे आधीच काहीतरी होतं, बारीक अक्षरात.

काकांचे ओठ हलायला लागले. सवयीने शेवटून. "ठेवावी... बाबांनी... नव्हे नाव... माया."

ते थांबले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना एक ओळ सरळ वाचताना पाहिलं.

'माया (नाव नव्हे). बाबांनी ठेवावी.'

काकूंचा शेरा नाही, काही नाही. पदर तोंडाला लावून उभ्या. मी तर सरळ रडत होते, सांगायला लाज कसली!

"फॉन्ट बारीक घेतलाय," काका म्हणाले. मग त्यांनी फोन ओढला. "फाइल नापास आहे."

तिकडून तिचा आवाज मलाही ऐकू आला. "माहीत आहे बाबा. मग?"

"मग काय? दुरुस्त करून इथनंच कोल्हापूरला जाईल."

"बरं," ती म्हणाली.

दुपारभर त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. चारी कडांना रंग वाढवत बसले. झाल्यावर पुन्हा एकदा शेवटून वाचलं, पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाचलं. तिने खाली लिहिलेली ओळ पुसली नाही. मग आत हाक गेली, "ऐकलंस का गो, वळवतोय."

"थांबा," काकू म्हणाल्या. हेही पहिल्यांदाच. मशीन थांबवून बाहेर आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या, सबंध पत्रिका वाचली. लेकीच्या नावावरून बोट फिरवलं. पडद्याला बोट लावलेलं काकांना खपत नसे, पण त्या दिवशी खपलं.

"वळवा," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी कोल्हापूरचा फोन. "काका, माया लई झालीया ओ. तीनची पाच दिसतीया. चुकून काय?"

"चुकून नाही."

"पर कापूनच जानार की ती!"

"जाऊ दे," काका म्हणाले. "आणि ऐका, एक कागद कापू नका. आहे तसा पाठवा."

लग्न झालं. पत्रिका गावभर वाखाणली गेली, आणि काकांनी एकदाही 'मी छापत नाही' म्हटलं नाही. लेक पुण्याला गेली. त्या आठवड्यात त्यांनी तो न कापलेला कागद टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. भोवती जाडजूड पिवळी कड, कोपऱ्यांत कापायच्या खुणा, आणि खाली ती ओळ.

येणारं प्रत्येक गिऱ्हाईक बघून हटकायचंच. "काका, ही कापायची राहिली ओ."

"कापलेल्या सगळ्यांना वाटल्या," काका म्हणायचे. "ही माझी."